काळी फीत, पांढरी फीत: बर्लिनमधलं एक पदकांचं दुकान

सासूबाईंच्या शिवणाच्या कपाटात, अगदी तळाला, सिगारची एक लाकडी डबी असते. तिच्यात त्यांच्या आजोबांची दोन पदकं, चार घड्या घातलेला एक कागद आणि माझ्या नवऱ्याने मागाहून टाकलेला एक काळा बिल्ला. मी पहिल्यांदा डबी उघडली तेव्हा त्यातल्या एका पदकावर, म्हणजे आयर्न क्रॉसवर, 1813 हा आकडा दिसला आणि मी ओरडलेच, "अरे, हे नेपोलियनच्या काळातलं आहे!" नवरा जर्मन असला तरी इतिहासात माझ्याहून कच्चा. त्याने लगेच मान डोलावली. आठवडाभर आम्ही दोघं मनातल्या मनात श्रीमंत होतो.

मग कोणीतरी शार्लोटेनबुर्गमधल्या या दुकानाचा पत्ता दिला. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि दुकान चालवणाऱ्या म्हातारबांवर माझा राग नाही. मुख्य रस्ता सोडून आत वळलं की एक अरुंद दार, घंटी दाबल्याशिवाय न उघडणारं. आत दोन खोल्या, भिंतभर उथळ लाकडी खण, प्रत्येकात हिरवं बनात. पॉलिशचा वास नाही ही पहिली चांगली खूण. जिथे पदकं घासूनपुसून लखलखीत केलेली दिसतात तिथून मी आता उलट्या पावली परतते.

म्हातारबांनी क्रॉस हातात घेतला, उलटा केला आणि माझ्यासमोर ठेवला. दुसऱ्या बाजूला मुकुट, मधोमध डब्ल्यू आणि खाली 1914. म्हणजे मी मागची बाजू पुढची समजून बसले होते. 10 मार्च 1813 रोजी, राणी लुईझेच्या वाढदिवसाची तारीख धरून, प्रशियाच्या तिसऱ्या फ्रीडरिश विल्हेल्मने हा सन्मान सुरू केला. 1870 आणि 1914 ला तो पुन्हा चालू झाला तेव्हा मूळ सालाची आठवण म्हणून मागच्या बाजूला ओकची पानं आणि 1813 तसंच ठेवलं. पहिल्या महायुद्धात दुसऱ्या वर्गाचे हे क्रॉस पन्नास लाखांच्या आसपास वाटले गेले. आमची श्रीमंती तिथेच संपली. म्हातारबा हसले नाहीत. रोज कोणीतरी 1813 घेऊन येतं, एवढंच म्हणाले.

पुढचा अर्धा तास मात्र पैसे वसूल. त्यांनी दोऱ्याला बांधलेला बोराएवढा लोहचुंबक क्रॉसवर सोडला, तो मधोमध टक्कन चिकटला. कडेच्या चौकटीकडे नेला तर सरकून परत मध्ये. का, तर खरा क्रॉस तीन तुकड्यांचा: मध्ये काळं केलेलं लोखंड, त्यावर पुढून-मागून चांदीच्या चौकटीचे दोन अर्धे, कडेला डाख लावून जोडलेले. भिंगातून बाहेरच्या कडेवर तो सांधा केसासारखा दिसतो. नकली माल बऱ्याचदा एकसंध ओतलेला असतो, वर नुसता रंग. मग त्यांनी दहापट भिंग माझ्या डोळ्याला लावायला लावलं आणि फीत ओवायची कडी दिव्याखाली फिरवली. मला आधी ओरखडा वाटला. डोळा स्थिरावल्यावर दोन अक्षरं उमटली, के आणि ओ. बर्लिनच्या शाही टांकसाळीची खूण. इतकी बारीक की वर्षानुवर्षं हाताळून सासूबाईंनाही पत्ता नव्हता.

दुसरं पदक हिंडेनबुर्ग क्रॉस. हे मला घरीच ओळखता आलं होतं, कारण जर्मनीतल्या प्रत्येक जुन्या बाजारात ते ढिगाने असतं. पहिल्या महायुद्धातल्या सेवेसाठीचं हे पदक 13 जुलै 1934 ला सुरू झालं, ऐंशी लाखांहून जास्त दिलं गेलं, आणि मिळवायचं तर स्वतः अर्ज करावा लागे. तीन प्रकार: आघाडीवर लढलेल्यांना तलवारींच्या आकृतीसह, युद्धात सेवा केलेल्या इतरांना तलवारींशिवाय, आणि मेलेल्यांच्या विधवांना व आईवडिलांना काळ्या रंगात. आमचं तलवारींशिवायचं. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरूनच सगळं झालं.

नवऱ्याच्या बिल्ल्याचा निकाल दोन मिनिटांत लागला. 'सतरा जूनच्या रस्त्या'वर शनिवार-रविवारी जो जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथून त्याने सत्तर युरोंना आणला होता: 1939 च्या नमुन्याचा, जखमी सैनिकाला मिळणारा काळा बिल्ला. म्हातारबांनी तो हातात तोलला आणि पालथा केला. पाठ सपाट, भरीव. काळ्या श्रेणीचे बिल्ले पातळ पत्र्यावर ठसा दाबून केलेले, त्यामुळे मागून पोकळ असतात, पुढचा उंचवटा मागे खोलगट दिसतो. शिवाय पानांच्या शिरा साबणाच्या वडीसारख्या झिजलेल्या आणि कडेला सुईने टोचल्यासारखी भोकं. ओतकामात हवा अडकली की अशी भोकं पडतात. "याची किंमत टाचणीएवढी," हे त्यांचं मत. नवरा हल्ली बाजारात फक्त भाजलेले सॉसेज खातो.

त्या बिल्ल्यावरच्या हेल्मेटवर स्वस्तिक आहे. दुकानात अशी प्रत्येक वस्तू खुणेवर गोल कागदी चिकटपट्टी लावून ठेवलेली असते. जर्मन दंडसंहितेच्या कलम 86 अ प्रमाणे ही चिन्हं उघड मिरवणं गुन्हा आहे, आणि 1957 च्या कायद्यानेही माजी सैनिकांना दुसऱ्या महायुद्धातली पदकं वापरू दिली ती स्वस्तिक काढून टाकलेल्या नमुन्यातच. घरात डबीत ठेवणं हा गुन्हा नाही. दारातून आत येताच "ती खूण असलेलं काय आहे?" असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हातारबा सरळ जर्मन संस्थानांच्या खणांकडे वळवतात: हांबुर्ग, ब्रेमेन, ल्यूबेकचे लाल मिन्याचे हान्झा क्रॉस, एकावर किल्ला, एकावर किल्ली, एकावर दोन तोंडांचा गरुड. बहुतेक जण कंटाळून निघून जातात. मला हा त्यांचा गाळण्याचा प्रकार फार आवडला.

आता तक्रार. तोंडी ओळख फुकट, पण लेखी वर्णन हवं तर नगाला पंचवीस युरो आणि वस्तू आठवडाभर ठेवून जायची. सासूबाईंना कागद हवा होता, म्हणून दोन्ही क्रॉस आणि तो घड्यांचा कागद ठेवून आले. परत गेले तेव्हा म्हातारबा बाहेर होते, त्यांचा तरुण मदतनीस होता. त्याने पाकीट उघडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आयर्न क्रॉस नव्याकोऱ्या फितीवर लटकत होता. काळी फीत, कडांजवळ दोन पांढरे पट्टे. आमची फीत उलटी होती: पांढरी, दोन काळे पट्टे, मळून चहाच्या रंगाची झालेली. "चुकीची फीत होती, मी बदलली. वेगळे पैसे नाहीत," तो खुशीत म्हणाला. वर्णनातही छापलं होतं, 'फीत मूळची नाही.'

मूळचीच होती. काळी फीत लढणाऱ्यांसाठी. पांढरी, शत्रूच्या माऱ्याखाली न जाता मोठी कामगिरी केलेल्यांसाठी. पांढरी फारच थोड्यांना मिळाली, म्हणून कोणीतरी चुकून लावली असेल असं नवशिक्याला वाटतं. पण सासूबाईंचे आजोबा रेल्वेत होते. त्यांना मिळालेला हिंडेनबुर्ग क्रॉस तलवारींशिवायचा होता. आणि तो घडीचा कागद म्हणजे त्याचंच प्रमाणपत्र, ज्यावर 'क्रीग्सटाइलनेमर' असं स्वच्छ लिहिलंय, आघाडीवरचा सैनिक नव्हे, युद्धातला सहभागी. तिन्ही गोष्टी एकमेकींना साक्ष देत होत्या आणि पोराने कागदाची घडीसुद्धा उलगडली नव्हती. प्रशियाच्या सैन्याचे बहुतेक कागद एप्रिल 1945 मध्ये पॉट्सडामवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाले. आजोबा बव्हेरियाचे असते तर म्युनिकच्या युद्ध-अभिलेखागारात काही हाती लागलं असतं. इथे तेवढा कागद आणि ती फीत, एवढाच पुरावा.

त्याच कागदाच्या डोक्यावर 'फ्यूररच्या नावाने', म्हणजे हिटलरच्या नावाने, असंही छापलंय. सासूबाई तो भाग नेहमी आत घडीत ठेवतात. त्या दिवशी मला तो काउंटरवर पूर्ण पसरावा लागला.

तेवढ्यात म्हातारबा आले. कागद वाचला, पोराकडे एकदा बघितलं, आणि कचऱ्याच्या नव्हे, सुदैवाने कात्रणांच्या खणातून आमची फीत काढली. दिवा मालवून अतिनील टॉर्च लावला. नव्या फितीचे पांढरे पट्टे निळसर पेटल्यासारखे चमकले, जुनी तशीच मंद, मळकी राहिली. आजच्या धाग्यात चकाकी आणणारं रसायन असतं, तेव्हाच्या धाग्यात नव्हतं. (साबणाच्या पावडरीतही तेच रसायन असतं, म्हणून जुनी फीत कधीही धुवू नये. धुतलीत तर तीही चमकेल.) हा प्रयोग सुंदर होता, पण तो फीत कापायच्या आधी करायला हवा होता, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी एका वाक्यात माफी मागितली, पन्नास युरो परत दिले आणि माझ्यासमोर बसून नवं वर्णन टाइप केलं. कारणमीमांसेसकट, पाऊण पान. पहिल्या छापील ओळींपेक्षा शंभरपटीने चांगलं.

पाचपैकी साडेतीन तारे. एक पूर्ण मदतनीसाचा गेला. अर्धा यासाठी, की माझ्याकडे तो कागद नसता तर चुकीचं वर्णन तसंच डबीत जाऊन बसलं असतं आणि पुढच्या पिढीने ते खरं मानलं असतं.

जाणार असाल तर म्हातारबा असतील तेव्हाच जा, आधी फोन करून. वस्तू ठेवून येऊ नका, समोर बसून बघून घ्या. ठेवावीच लागली तर 'फीत, टाचणी, कडी, काही बदलू नये' असं पावतीवर लिहून घ्या. कागदपत्रं असतील ती उलगडून, वाचून दाखवा. जर्मन यायला हवं, इंग्रजीत म्हातारबांचा धीर सुटतो. कार्ड चालत नाही. फीत सासूबाईंनी जुन्याच भोकांतून, जुन्याच घडीवर पुन्हा शिवली आहे. दोरा मात्र नवा आहे, आणि टॉर्चखाली तो चमकतो.