'मशीन्स' : सुरतेच्या कापड कारखान्यातला सव्वा तास

लग्नघरी आहेराच्या साड्यांचा गठ्ठा सोडला की नव्या रंगाचा जो उग्र वास खोलीभर पसरतो, तो आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा आहे. डझनाच्या हिशेबाने घेतल्या जाणाऱ्या त्या छापील, सिंथेटिक साड्यांपैकी बऱ्याचशा सुरतेहून येतात, एवढेच आपल्याला ठाऊक असते आणि त्यापलीकडे विचारण्याची वेळ सहसा येत नाही. राहुल जैन यांचा 'मशीन्स' हा २०१६ सालचा माहितीपट सुरत भागातल्या अशाच एका रंगाई-छपाईच्या कारखान्यात जातो आणि सव्वा तासाच्या आत संपतो; परंतु तो पाहिल्यानंतर तो वास पूर्वीसारखा राहत नाही, असे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

आपल्याकडे गिरणी म्हटले की साचेखाते (मागांचे, म्हणजे विणकामाचे खाते), कातणखाते आणि भोंगा डोळ्यांसमोर येतो. हा कारखाना त्या अर्थाने गिरणी नव्हे. यंत्रमागांवरून आलेले कोरे कापड येथे धुतले, रंगवले, छापले, वाफवले आणि वाळवले जाते व शेवटी घड्या घालून बाहेर पडते. या सगळ्याला अखंड वाफ लागते, म्हणून एका टोकाला भट्टी धगधगत असते. आणि पाणी व रसायने लागतात, म्हणून जमीन कायम ओली असते. यंत्रे जुनी आहेत, भिंतींवर काजळी चढलेली आहे आणि दिवस आहे की रात्र, हे आत कळण्याची सोय नाही. कॅमेरा या अंधाऱ्या बोळांतून न थांबता सरकत राहतो आणि कोपऱ्याकोपऱ्यांत माणसे दिसू लागतात. कोणी हातमोज्यांविना रंग कालवतो आहे, कोणी पिंप ढकलतो आहे, तर कोणी कापडाच्या ढिगावरच अंग टाकून निजलेला आहे. छायाचित्रणासाठी रॉड्रिगो त्रेहो व्हिलानुएव्हा यांना अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात २०१७ साली विशेष पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. छपाईच्या यंत्रावरून उतरणारे रंगीत कापड पडद्यावर इतके देखणे दिसते की आपण क्षणभर सुखावतो; आणि त्याच चौकटीत काठाशी उभा असलेला घामेजलेला माणूस दिसला की त्या सुखावण्याची लाज वाटते. हे सौंदर्य अनाठायी आहे, असा आक्षेप कोणी घेतला तर मी त्याच्याशी सहमत होणार नाही. कापड सुंदर असते म्हणूनच ते विकले जाते, आणि ते सुंदर करण्याचे काम याच हातांनी होते.

निवेदन नाही, पार्श्वसंगीत नाही, आकडेवारीच्या पाट्यांचा भडिमार नाही. आहे तो यंत्रांचा आवाज, आणि तो प्रत्येक खात्यात निराळा आहे. घरी पाहणाऱ्यांनी आवाज कमी करू नये, अशी माझी कळकळीची सूचना आहे. शक्य असल्यास हा माहितीपट मोठ्या पडद्यावर किंवा निदान चांगल्या स्पीकरवर पाहावा. कामगार हिंदीतच बोलतात, त्यामुळे इंग्रजी उपशीर्षके वाचता न येणाऱ्यालाही अडचण फारशी येत नाही.

मी तो माझ्या वडिलांबरोबर पाहिला. अप्पा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा बाहेर पडलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी ते एक, आणि नंतर त्यांना परत घेतले गेले नाही. त्यांची देणी चुकती व्हायला पुढे कित्येक वर्षे गेली. साच्यांच्या खडखडाटात काढलेल्या वर्षांनी त्यांचे कान अधू केले आहेत. यंत्रांचा आवाज सुरू होताच त्यांनी श्रवणयंत्र काढून मांडीवर ठेवले आणि ते फक्त हातांकडे पाहत राहिले. साचेखात्यात बोलणे ऐकू येत नसे, म्हणून माणसे ओठांवरून आणि खुणांवरून एकमेकांना समजून घेत. ती सवय त्यांची अजून गेलेली नाही. एका प्रसंगात एक कोवळा मुलगा यंत्रासमोर उभ्या उभ्या पेंगतो, त्याची मान पुढे जाते, तो दचकून जागा होतो, हात पुन्हा चालू होतात आणि पुन्हा डोळे मिटतात. कॅमेरा तेथून हलत नाही. अप्पा म्हणाले, "रात्रपाळी आहे. पहाटेचे चार वाजले असतील तिथं." पडद्यावर घड्याळ नव्हते.

मुलाखती आल्या तेव्हा त्यांनी श्रवणयंत्र पुन्हा लावले. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा अशा दूरच्या भागांतून आलेली ही माणसे बारा तासांची पाळी करतात. चित्रपट आला तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात प्रौढ कामगाराचा दिवस सर्वसाधारणपणे नऊ तासांचा आणि आठवडा ४८ तासांचा होता, हे लक्षात ठेवून हे ऐकावे. एक कामगार सांगतो की आपण कर्ज काढून, आगगाडीने एवढा लांबचा प्रवास करून स्वतःहून येथे येतो, कोणी बळजबरी करत नाही, मग याला शोषण कसे म्हणावे? हे वाक्य तो अगदी शांतपणे, विचार करून बोलतो. माझ्या मते संपूर्ण माहितीपटातली ही सर्वांत जड जागा आहे, कारण दारिद्र्य माणसाच्या तोंडून स्वतःच्या बाजूने साक्ष कशी वदवून घेते, हे येथे समोर दिसते. दुसरा एक जण सांगतो की कारखान्याच्या फाटकाशी आले की इथूनच परत फिरावे, असे आतून वाटते. मालकाच्या बाजूचा माणूस वातानुकूलित खोलीत कॅमेऱ्यांच्या पडद्यांवर कामगारांना न्याहाळत बसलेला आहे, आणि पोट भरले की कामगार कामचुकार होतो अशा आशयाचे बोलणे तो मोकळेपणाने करतो. दिग्दर्शकाने त्याला अडवलेले नाही, हे बरे केले. अडवले असते तर तो इतके खरे बोलला नसता.

जैन यांच्या आजोबांची सुरतेत कापड गिरणी होती आणि लहानपणी ते तिच्यात हिंडत असत, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. हे कळल्यावर चित्रपटाचे बळ आणि उणीव दोन्ही समजतात. मुलाच्या नजरेने प्रचंड वाटलेली यंत्रे आणि त्यांच्यामधल्या वाटा त्यांनी नेमक्या पकडल्या आहेत. पण फाटकाबाहेर कॅमेरा फारसा जात नाही. हे कामगार राहतात कुठे, जेवतात कुठे, आजारी पडले तर कोणाकडे जातात, गावी पैसे कसे पाठवतात, हे जवळजवळ कळतच नाही. स्त्रिया तर दिसतच नाहीत म्हटले तरी चालेल. सुरतेच्या लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबे आहेत. त्यामुळे बाहेरच्या या जगाविषयी मला वाटणारी ओढ केवळ तात्त्विक नाही.

जातीच्या प्रश्नालाही हा माहितीपट हात घालत नाही, आणि ही मला मोठी त्रुटी वाटते. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातून (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातून) धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, या सबबीखाली अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात, म्हणजे जास्त मजुरीच्या कामावर, येऊ दिले जात नसे; बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. कोणते काम कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न कापडाच्या धंद्यात शंभर वर्षे जुना आहे. भट्टीसमोर कोण उभा आहे आणि घडीच्या टेबलाशी कोण, हे दिग्दर्शकाने एकदा तरी विचारायला हवे होते.

तरीही हा माहितीपट पाहावाच, असे मी आग्रहाने म्हणेन, आणि विशेषतः ज्यांच्या घरात गिरणी होऊन गेली आहे त्यांनी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवली. पुढे गिरणगावात खानावळी, भजनी मंडळे, व्यायामशाळा, शाहिरांचे फड आणि युनियनच्या कचेऱ्या यांचे एक पूर्ण जग उभे राहिले. १९८२ च्या संपानंतर एकत्रित गिरण्या, म्हणजे कातण्यापासून रंगाईपर्यंत सगळे एकाच आवारात करणाऱ्या गिरण्या, ढासळत गेल्या आणि कापडाचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत येथल्या यंत्रमागांकडे व रंगाई-छपाईच्या कारखान्यांकडे अधिकाधिक सरकले. काम सरकले, पण ते जग त्याच्याबरोबर गेले नाही. 'मशीन्स'मधली प्रत्येक मुलाखत हेच सांगते, जरी त्यात मुंबईचे नाव कोठेही येत नसले तरी. एकी होत नाही, पुढे होणाऱ्याची गत वाईट होते, असे कामगारच सांगतात.

शेवटाकडे कामगार दिग्दर्शकाभोवती गोळा होतात आणि त्यालाच विचारतात की तुम्ही आलात, आमचे हाल पाहिलेत, आता आमच्यासाठी काय करणार? नेतेही येतात, विचारतात आणि निघून जातात. काय करायचे ते सांगा, आम्ही करू. कॅमेऱ्यामागून याला समाधानकारक उत्तर मिळत नाही, आणि जैन यांनी हा प्रसंग कापून टाकला नाही, याबद्दल त्यांच्याविषयी मला आदर वाटतो.

अप्पांनी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा पाहताना ते पुढे वाकले, घोळक्यातला एकेक चेहरा पाहिला आणि मला विचारले, "अगं, यांचं युनियन ऑफिस कुठं आहे?"