ठाण्याच्या नौपाड्यातलं नाचणीचं पीठ, मुलांसाठी घ्याच
आमची मुलगी पूर्ण शाकाहारी, अंडंपण नाही, त्यामुळे कॅल्शियम-आयर्नची काळजी असतेच. गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एका काकूंचं घरगुती पिठांचं दुकान आहे, तिथलं मोड आणलेल्या नाचणीचं पीठ एक नंबर, अजिबात कचकच नाही, तुपावर परतलं की खमंग वास सुटतो आणि गुठळ्यापण होत नाहीत, पोरगी वाटी चाटूनपुसून साफ करते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, अजून काय पाहिजे! चॉकलेटवालं मात्र नको, फार गोड आहे. मेथकूटही मस्त, गरम भातावर घालून लिंबू पिळा, लिंबाने डाळीतलं आयर्न अंगी लागतं. बी१२ नाचणीत नसतं हां, त्यासाठी दूध-दही द्याच आणि डॉक्टरांनाही विचारा.