५० मीटरवर पिस्तूल: ओपन साईट की रेड डॉट?

२५ मीटरवर गोळ्या छान जमतात, ५० मीटरवर मात्र विखुरतात. मग साईट (नेम धरायचं साधन) बदलावी का, असा प्रश्न क्लबमध्ये अनेकांना पडतो. ओपन साईटमध्ये पुढची पट्टी (फ्रंट साईट) मागच्या खाचेत जुळवून नेम धरतात; रेड डॉटमध्ये छोट्या काचेत दिसणारा लाल ठिपका लक्ष्यावर ठेवतात.

आधी अचूकता. ओपन साईटची पुढची पट्टी आणि मागची खाच यांतलं अंतर १६ सेंटिमीटर धरा. फ्रंट साईट खाचेत फक्त १ मिलिमीटर सरकली, तर ५० मीटरवर गोळी सुमारे ३१ सेंटिमीटर बाजूला जाते, आणि १० गुणांचं वर्तुळ असतं जेमतेम ५ सेंटिमीटरचं! शिवाय ३.२ मिलिमीटर रुंद फ्रंट साईट हात ताणून धरली की तिथे २० सेंटिमीटरहून जास्त भाग झाकते. ३ एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) डॉट झाकतो साडेचार सेंटिमीटरच्या आत. नजर लक्ष्यावरच राहते, त्यामुळे चाळिशी लागलेल्यांना तर फारच सोपं जातं. दृष्टिवैषम्य असेल तर मात्र ठिपका फाटका दिसतो, म्हणून विकत घेण्याआधी त्यातून बघाच.

खर्चात डॉट महाग. वर स्लाइडला (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला) माउंट बसवायचा खर्च वेगळा. टिकाऊपणात ओपन साईट सरस. तिला बॅटरी नाही, काचेवर पावसाचा थेंब नाही. ट्रिगर झटकण्याची सवय मात्र दोन्ही सुधारत नाहीत, ती सरावानेच जाते.

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) स्पर्धा खेळायच्या असतील तर प्रश्नच मिटला: तिथे पिस्तुलाला ऑप्टिकल साईट चालत नाही. ॲडजस्टेबल ओपन साईट घ्या, खाच थोडी रुंद ठेवा. नियमांचं बंधन नसेल, जवळचं धूसर दिसत असेल आणि लांबवरच मारायचं असेल, तर डॉट घ्या.