दिवाळखोरी की तडजोड? नाशिकच्या लघुउद्योजकाने आधी काय तपासावं

अंबड-सातपूरमध्ये ऑर्डरी आटल्या, मोठ्या गिऱ्हाइकाने बिलं अडकवली आणि सीसी (कॅश क्रेडिट) खातं तुंबलं, की कुणीतरी हमखास सांगतं, "दिवाळखोरीचा अर्ज टाका आणि मोकळे व्हा." पण मोकळं कोण होणार? कंपनी की तुम्ही? बहुतेक चुकीचे निर्णय हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

धंदा प्रोप्रायटरी असेल तर कायद्याच्या लेखी धंदा आणि माणूस एकच. शेडमधलं व्हीएमसी मशीन, इंदिरानगरचा फ्लॅट, मुलीच्या लग्नासाठी स्वतःच्या नावावर ठेवलेली एफडी, सगळं एकाच खात्यात धरलं जातं. 2016 च्या दिवाळखोरी संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता. त्यामुळे नाशिकच्या प्रोप्रायटरला आजही 1920 च्या प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायद्याखाली जिल्हा न्यायालयातच जावं लागतं.

तिथे नादार ठरलात की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. तुमच्याकडे उरतं ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मधलं: गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याचं घर, बैल आणि बियाणं. घरातल्या बाईला रिवाजाप्रमाणे अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना, म्हणजे मंगळसूत्र, तेही सुटतं. ही यादी शांतपणे वाचा. फ्लॅट तिच्यात नाही.

शिवाय जे गहाण आहे ते नादारीने वाचत नाही. सरफेसी, म्हणजे बँकांना तारणावरून थेट वसुली करू देणाऱ्या कायद्याखाली बँक 60 दिवसांची नोटीस देते आणि नंतर ताबा घेते. तुमचा अर्ज तिचा हा हक्क काढून घेत नाही. फायदा होतो तो बिनतारणी देण्यांपुरता: सप्लायरची बाकी, हातउसने, खासगी फायनान्स. सरकारी देणी आणि पोटगी तर न्यायालयाकडून नादारीतून मुक्तता मिळाल्यावरही मागे राहतात.

आणि किंमत? मुक्तता मिळेपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता 50 रुपयांची उधारी घेतली तरी गुन्हा होतो. रक्कम 1920 ची आहे, कायदा चालू आहे. भागीदारी फर्ममध्ये असाल तर भागीदारी संपते आणि करारात वेगळं काही नसेल तर फर्मच विसर्जित होते. कंपनीचं संचालकपद तर नादारीचा अर्ज नुसता प्रलंबित असला तरी घेता येत नाही. ज्याला भावाच्या किंवा मुलाच्या कंपनीत पुन्हा उभं राहायचं आहे, त्याच्यासाठी हा फार मोठा अडथळा आहे.

प्रायव्हेट लिमिटेडचं गणित निराळं. देणं कंपनीचं, आणि थकबाकी किमान 1 कोटी असेल तर कंपनी स्वतः एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठाकडे जाऊ शकते. अर्ज दाखल करून घेतला गेला की कंपनीविरुद्धची वसुली, दावे, जप्ती थांबतात. पण कारभार तुमच्या हातून जातो, संचालक मंडळ बाजूला होतं आणि रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे या प्रक्रियेसाठी नेमलेला व्यावसायिक, सूत्रं घेतो. 330 दिवसांची मर्यादा कागदावर आहे, प्रत्यक्षात प्रकरणं त्याहून लांबतात. कंपनी सावरण्याची योजना मंजूर झाली नाही तर कंपनी अवसायनात निघते, म्हणजे विकून बंद केली जाते.

एमएसएमईसाठी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी) 2021 पासून प्री-पॅक, म्हणजे बँकेशी आधी योजना ठरवून मग अर्ज करण्याची सोय, आहे. त्यात 10 लाखांच्या थकबाकीवरही अर्ज करता येतो, मुदत 120 दिवसांची असते आणि कारखाना तुम्हीच चालवता. बँकेची संमती मात्र आधी मिळवावी लागते. हातात ऑर्डरी असलेल्या कंपनीसाठी मला हाच मार्ग जास्त पटतो.

आता खरी गोम. सँक्शन लेटरसोबत सही केलेला जामीनपत्राचा कागद काढा. तिथे तुमची आणि बहुधा तुमच्या पत्नीचीही सही सापडेल. कंपनीला मिळालेलं संरक्षण जामीनदाराला लागू होत नाही. कंपनीची योजना मंजूर झाली तरी जामीनदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलंय. चेक बाउन्सचंही तसंच: कंपनीवरचा खटला थांबतो, सही करणाऱ्या संचालकावरचा चालू राहतो. म्हणजे लिमिटेड असूनही घरावरचं संकट बऱ्याचदा तेवढंच असतं.

तिसरा मार्ग तडजोडीचा: सरकारी बँकेत ओटीएस (एकरकमी तडजोड), सहकारी बँकेत सामोपचार परतफेड. तो हक्क नाही, बँक नाही म्हणू शकते. मिळालाच तर सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा येतो, आणि त्या बँकेकडून शेतीकर्ज सोडून नवं कर्ज किमान 12 महिने मिळत नाही. तरीही नादारीच्या शिक्क्यापुढे हे मला हलकं वाटतं. घर आपल्या हाताने, बाजारभावाने विकून तडजोड भरणं हे लिलावात ते पडत्या भावाने जाण्यापेक्षा केव्हाही बरं.

खातं अजून एनपीए (थकीत कर्ज) झालेलं नसेल, म्हणजे हप्ता थकून 90 दिवस उलटले नसतील, तर त्याआधीच बँकेला उद्यम नोंदणी (लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद) देऊन अडचणीतल्या उद्योगांसाठीच्या पुनरुज्जीवन समितीकडे लेखी अर्ज करा. 25 कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी ही व्यवस्था 2015 पासून आहे आणि बहुतेकांना ती एनपीएनंतर कळते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दिंडोरी-निफाडला द्राक्षबाग असणाऱ्यांसाठी एवढंच: शेतजमिनीला सरफेसी लागत नाही, पण सहकारी बँक महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला घेऊन जमिनीपर्यंत पोचू शकते.

एक सल्ला मात्र अजिबात ऐकू नका: "फ्लॅट बायकोच्या नावावर करून टाका." नादारीच्या अर्जाआधीच्या 2 वर्षांतलं असं बक्षीसपत्र न्यायालय रद्द करू शकतं. कंपनीनेही नातेवाइकांना दिलेलं झुकतं माप 2 वर्षं मागे जाऊन तपासलं जातं. शिवाय तुमच्या भानगडीत बायकोला कोर्टाची पायरी चढावी लागते.

माझ्या मते प्रोप्रायटरने आधी समिती, मग तडजोड आणि बिनतारणी देणी खरोखर डोईजड असतील तरच नादारी, या क्रमाने जावं. कंपनीवाल्याने जामिनाचा प्रश्न बँकेशी त्याच टेबलावर मिटवल्याशिवाय एनसीएलटीकडे जाऊ नये. आणि सरफेसीची नोटीस हातात पडलीच असेल, तर त्या 60 दिवसांतच लेखी हरकत द्या. बँकेला ती मान्य नसेल तर 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं, आणि पुढच्या बोलणीसाठी तो कागद तुमच्या फाइलीत लागतो.