स्विमिंग पूलच्या टाइल्स बसवायला आला आणि दीड लाख घेऊन गेला

1,52,500 रुपये गेले. आकडा आधीच लिहितोय, कारण घरात अजून कोणी तो मोठ्याने काढत नाही. माझा स्विमिंग पूल आणि त्याला लागून असलेला स्पा, म्हणजे गरम पाण्याचा छोटा हौद, यांच्यामधल्या भिंतीवरच्या 14 टाइल्स सुटल्या होत्या. फक्त 14!

मी अगदीच अडाणी होतो असं कोणी समजू नये. स्पाचं पाणी 40 अंशांपर्यंत तापतं, पलीकडे पूल थंड, त्यात जेट्सचा हादरा. तिथल्या टाइल्स आधी सुटणार हे मला ठाऊक होतं. दोन-तीन ठिकाणांहून कोटेशनही मागवली होती आणि हा कंत्राटदार सगळ्यात स्वस्त नव्हता. पाण्याचा पीएच 7.2 च्या खाली राहिला की सिमेंटचं ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटींत भरलेला मसाला, झिजतं, हे त्यानेच समजावलं. ते खरंच आहे. अशी चार खरी वाक्यं ऐकल्यावर पाचव्यावर कोण शंका घेईल?

मग हातोडीच्या दांड्याने पूलभर ठोकून त्याने निम्म्याहून जास्त टाइल्स 'पोकळ' ठरवल्या. चांगली बसलेली टाइल खणखणीत वाजते, सुटलेली बद्द. ठोकणं त्याच्यावर सोडू नका, दांडा स्वतःच्या हातात घ्या. सगळ्या कामाचे 1,85,000 ठरले, पैकी 1,10,000 आगाऊ, तेही दुसऱ्याच कुणाच्या नावाच्या खात्यात. 'भावाचं खातं आहे' म्हणाला.

त्याच रात्री त्याने सगळं पाणी उपसलं. पाण्याच्या रेषेवरच्या टाइल्ससाठी पातळी थोडी खाली घेतली तरी भागतं. उलट जमिनीत पाणी भरलेलं असेल तर रिकामा पूल खालून उचलला जाऊ शकतो. हे मला नंतर कळलं. सकाळी म्हणतो, आतलं काँक्रीट चिरलंय, पाणी झिरपतंय, आणखी 42,500 लागतील. गळती खरी की खोटी हे बादलीने कळतं: पूलच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आतल्या-बाहेरच्या पातळीला खुणा करायच्या, पंप बंद ठेवून 24 तासांनी बघायचं. बादलीपेक्षा पूल जास्त उतरला तरच गळती. पण तपासायला पाणी होतं कुठे?

आणि ती बादल्यांची गोष्ट. ती आठवली की अजून अंग तापतं. माणसं आली ती मसाला आधीच कालवून, झाकण लावलेल्या बादल्यांतून घेऊन. एकही पिशवी आवारात आली नाही. मी विचारलं, 'पिशवी कुठाय?' तो म्हणाला, 'साहेब, इथे कालवलं तर तुमची फरशी खराब होईल.' मी गप्प बसलो. माझ्या फरशीची काळजी घेणाऱ्या माणसाला मी काय म्हणणार होतो? पाण्याखाली चालणारं पॉलिमरचं ॲडेसिव्ह आहे की साधं पांढरं सिमेंट, हे पिशवीवरच वाचता येतं. सीलबंद पिशवी तुमच्यासमोर फुटली पाहिजे, रिकामी पिशवी जपून ठेवा.

ग्राउट नीट सुकायच्या आत त्याने पाणी सोडलं. महिनाभरात पहिली टाइल तळाशी गेली. बाहेर काढून उलटी केली तर मागे पाच गोळे, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये, बाकी पाठ कोरी. कारखान्याच्या रेघासुद्धा स्वच्छ दिसत होत्या. पाण्यातल्या टाइलची किमान 95 टक्के पाठ ॲडेसिव्हने भरलेली असावी लागते. काम चालू असताना मधूनच एखादी ताजी टाइल उचलायला लावा. नाही म्हणाला तर तिथेच काम थांबवा.

पोलिसांकडे गेलो तर म्हणे 'काम झालंय ना? मग ही फसवणूक नाही, दिवाणी बाब आहे.' पाच गोळ्यांची टाइल टेबलावर ठेवली, तर हवालदाराने ती बाजूला सरकवून चहाचा ग्लास ठेवला. बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकलात. ग्राहक तक्रारीसाठी तज्ज्ञाचा अहवाल मागितला. तज्ज्ञ म्हणतो पूल रिकामा करून द्या. आणि अधिकारी म्हणतात निकालापर्यंत पुराव्याला हात लावू नका. म्हणजे मी करायचं काय? नोटीस 'या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा होऊन परत आली, तर म्हणे नवा पत्ता तुम्हीच शोधा. ज्याचे पैसे गेले त्यानेच तपास करायचा, तर ही खुर्च्यांवरची माणसं पगार कशाचा घेतात? 'लेखी करार का केला नाही?' हा प्रश्न मात्र प्रत्येकाने विचारला, तोही चारचौघांत.

करारात ॲडेसिव्हचं नाव, टाइल्सची संख्या आणि पाणी कधी सोडायचं हे लिहून घ्या. आगाऊ रक्कम सामानापुरतीच, सामान दारात आल्यावर.

तो आता नव्या नंबरवरून कामं घेतोय. नमुना म्हणून जो फोटो पाठवतो त्यात माझा पूल आहे, टाइल्स लावल्याच्या दिवशी काढलेला, निळाशार. तुम्हाला असा फोटो आला तर वर्षभर जुन्या कामाचा पत्ता मागा आणि तिथे जाऊन स्वतः ठोकून बघा.