बसऱ्याला गेलेले पणजोबांचे भाऊ सापडले! (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाइट)

आमच्या घरात एक गोष्ट कायम सांगितली जायची, पणजोबांचे धाकटे भाऊ पलटणीत होते, बसऱ्याच्या लढाईला गेले ते परत आलेच नाहीत. आजी पुढे जोडायची, "तुर्कांनी कोंडून घातलं, घोड्याचं मटण खायची पाळी आली पण ह्यांनी तोंड नाही लावलं." बास, एवढंच. पलटण कोणती, साल कुठलं, काही पत्ता नाही.

आधी एका ऑनलाइन रिसर्चवाल्याला पैसे दिले (नाव घेत नाही), त्याने दोन महिन्यांनी पहिल्या महायुद्धावर सहा पानी निबंध पाठवला, त्यात आमच्या माणसाबद्दल एक ओळ नाही. मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची (दोन्ही महायुद्धांत गेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणारी संस्था) ही वेबसाइट बघितली, ही फुकट आहे.

खरं तर त्या घोड्याच्या मटणानेच काम केलं. ते इराकमधल्या कूत अल अमाराच्या वेढ्यातलं, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, आणि आत अडकलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या पलटणी तीनच, १०३, ११० आणि ११७. आता आडनाव टाकून शोधायला गेलात तर डोकं फिरेल, कारण साहेबाच्या कारकुनाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलंय आणि कित्येक शिपायांना आडनावच नाही, नुसतं सखाराम, नुसतं धोंडू. म्हणून मी नाव सोडलं, फक्त रेजिमेंट टाकली, यादी एक्सेलमध्ये उतरवली आणि जादा माहितीचा कॉलम वाचत बसले, तिथे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो (सगळ्यांचा नाही). तिसऱ्या रात्री ११० च्या यादीत आमचं गाव दिसलं, स्पेलिंग असलं भारी की मोठ्याने वाचल्यावर कळलं!

आणि मृत्यूची तारीख? वेढा संपल्यावर चार महिन्यांनी. म्हणजे लढाईत नाही, शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेत वारले असणार. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

रेकॉर्डवर बसरा मेमोरियल (तिथलं युद्धस्मारक) लिहिलेलं दिसलं की तिथल्या दगडावर नाव आहे असं समजू नका. साध्या हिंदी शिपायांचा तिथे पलटणीखाली नुसता आकडा कोरलाय, नावं रजिस्टरात. बाबा हे ऐकून गप्पच झाले.

अजून एक, इथे फक्त गेलेल्यांचीच नोंद मिळते, ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ एवढ्याच काळातली. तुमचे आजोबा-पणजोबा सुखरूप घरी आले असतील तर इथे वेळ घालवू नका, आधी घरातल्या ट्रंका उघडा. पहिल्या युद्धाचं चांदीचं मेडल असेल तर त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं असतं. आमच्याकडचं मोडून पणजीची जोडवी केली, हे आत्ता आत्याकडून कळलं.