दागिने घडवायला शिकायचंय: झवेरी बाजार की संस्थेतला कोर्स?

भाचीने विचारलं, कारागिराच्या हाताखाली बसू की रीतसर कोर्स करू?

खर्चात कारागिराकडे शिकणं स्वस्त. झवेरी बाजारातल्या माळ्यांवरच्या कारखान्यांत ओळखीने शिरकाव झाला तर फी सहसा नसते, पण सुरुवातीला कानस घासणं आणि साफसफाईच वाट्याला येते. शिवाय तिथे बहुतेक बंगाली कारागीर, त्यामुळे कामचलाऊ हिंदी हवी. मुलींना अशी जागा मिळणं आजही अवघड आहे, हे मला खटकतं. कोर्सची फी भरपूर, हत्यारांचा खर्च वेगळा.

खरा फरक हाताच्या सवयीत पडतो. चांदीला डाक देताना, म्हणजे सांधा जोडताना, ज्योत नुसती सांध्यावर धरून भागत नाही. चांदी उष्णता झपाट्याने पसरवते, म्हणून आधी सवागी (टाकणखार) लावून सगळा नगच तापवावा लागतो. लाली नेमकी कधी थांबवायची ते रोज शेजारी बसून बघितल्यावरच डोळ्यात भरतं. चांदी ९६१ अंशांना वितळते, क्षणभर उशीर झाला की नग गेला. कोर्समध्ये हे तांब्या-पितळेवर शिकवतात, चुकलं तरी नुकसान थोडं. पण तिथे असा सराव करायची संधी मोजकीच.

संगणकावरचं डिझाइन, मेणाचे साचे, ओतकाम मात्र कोर्समध्येच नीट कळतं. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या कारखान्यात नोकरी हवी असेल तर तोच घे. स्वतःच्या हाताने नथ, ठुशी घडवायची असेल आणि दोनेक वर्षं देता येत असतील, तर कारागीर शोध. नोकरी सांभाळून छंद म्हणून करायचं असेल तर शनिवार-रविवारचा छोटा वर्ग पुरे.